खापरीवर कोंबडी बसली आहे

मी सूर्यमाळचा. म्हणजे सूर्यमाळच्याही वर एक पाडा आहे, चार घरं इथं आणि चार घरं तिथं, त्यातला. नाव जानू. आता जव्हारला एका कचेरीत शिपाई आहे, खोली आहे, गॅस आहे, नळाला पाणी आहे, आणि तरी आई माझ्याकडे जेवत नव्हती, त्याचंच सांगतोय तुम्हाला.

आमच्या घरी एक खापरी आहे. खापरी म्हणजे मातीचा तवा, खोलगट, काठ वर आलेला, नाचणीची भाकरी भाजायला. आईनं स्वतः केलेली, चाक नाही की काही नाही, ओहळाची माती आणायची, तिच्यात भाताचा तूस मळायचा, पालथ्या मडक्यावर थापायची, सावलीत वाळवायची, मग गोवऱ्यांत भाजायची. काठावर आईच्या बोटांचे वळ अजून दिसतात. आणि भाकरी तर झालीच, पण ती खापरी रिकामी कधी बसलीच नाही बघा. त्याच खापरीत खुरासणी, म्हणजे कारळं, भाजायची, मोहाची फुलं भाजायची. जेवणं झाली की भाताच्या टोपावर पालथी, वर दगड, म्हणजे मांजराला काय करायचं ते करू दे. चूल विझली तर शेजारून निखारे आणायचे तेही खापरीतूनच. माझा भाऊ जन्मला तेव्हा बाजेखाली हीच खापरी निखारे घालून, आणि मी जन्मलो तेव्हाही हीच, असं आई सांगते. पावसात घर गळायला लागलं की धारेखाली खापरी. आणि काय सांगू तुम्हाला, माझी पाटी फुटली तेव्हा मी खापरीच्या काळ्या पाठीवर खडूनं अक्षरं गिरवली. आई ओरडायची, अरे जानू, तुझं शिकणं भाकरीला चिकटतंय. पण पुसायची नाही, मला आधी वाचून दाखवायला लावायची, मग पुसायची.

तर यंदा उन्हाळ्यात विहीर आटली. भाऊ म्हणाला, पाणी खालून आणायला लागतंय, आईला तुझ्याकडे ने. मी नेलं. मला वाटलं बरंच झालं, इतकी वर्षं तिला माझ्याकडे म्हणून आणलं नव्हतं, ते मनात टोचत होतंच. बायकोनं प्रेमानं गॅसवर भाकरी केली, लोखंडी तव्यावर. आईनं तुकडा मोडला, तोंडात घोळवला आणि ठेवून दिला. म्हणाली, भूक नाय रे. दुसऱ्या दिवशीही भूक नाय. नुसती पेज प्यायची. गालफडं बसली. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही, खायला घाला.

मग मी बाजारातून नवी खापरी आणली आणि तशीच गॅसवर ठेवली. आमच्यातलं पोरगंसुद्धा असं करणार नाही. नव्या खापरीला आधी पेज पाजायची असते, आत पेज उकळवून माती मुरवायची, मग ती आगीला तयार होते. मला हे लहानपणापासून माहीत, पण कचेरीत जायची घाई. फाटकन आवाज आला, दोन तुकडे. आई बघत होती. उठली, दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले, आणि तेच मला झोंबलं.

रविवारी मोटारसायकल काढली, पाड्यावर गेलो. वहिनी अंगणात होती. म्हटलं, वहिनी, आईची खापरी द्या, ती जेवत नाही. वहिनी हसायला लागली. म्हणाली, माझी काय ना नाय भावजी, पण तिला विचारा. कोपऱ्यात बघतो तर खापरीत पेंढा आणि पेंढ्यावर कोंबडी, अंडी उबवत बसलेली, उशाला कोळसा आणि लाल मिरची ठेवलेली, नजर लागू नये म्हणून. मी जरा वाकलो तर पिसं फुलवून चोचच मारली. वहिनी म्हणाली, बसलेली कोंबडी हलवली तर ती परत बसायची नाय, सगळी अंडी वाया जातील. मग म्हणाली, खापरी तिकडं नेताय त्यापेक्षा आईलाच इकडं आणा ना.

म्हटलं, पाण्याचं काय? तर म्हणाली, पाणी तुम्ही आणा. तुमच्याकडं नळ हाय, गाडी हाय. ते मला सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आईला मागं बसवलं, पाण्याचे कॅन दोन्ही बाजूंना बांधले, घाटात गाडी नुसती कण्हत होती. पोचल्यावर आई आधी कोंबडीकडे गेली, बसली तिच्यासमोर आणि म्हणाली, बस गं बाई, तुझं होऊ दे. खापरी मागितलीच नाही. वहिनीनं पळसाच्या पानात नाचणीचं पीठ थापलं, निखाऱ्यावर पानगी भाजली. आईनं पूर्ण खाल्ली. ताट पुढं केलं, म्हणाली, अजून अर्धी दे, आणि चटणी काय मोजून वाढतेस?

मी बाहेर येऊन गाडी पुसत बसलो, गाडी काही घाण नव्हती.

आता आई वरच आहे. खाली चल असं मी म्हणत नाही. दर रविवारी कॅन भरतो आणि जातो. गाडीचा आवाज ऐकला की ती दारात येते, आधी कॅन हलवून बघते आणि म्हणते, अर्धं सांडलं वाटेत, पुढच्या वेळी झाकण नीट लाव.

लावतो, म्हणतो.