ढिले होत गेलेले ब्लाऊज

विहिणीनं मला फसवलं. माझी लेक वाळत चालली व्हती आन् ती मला सांगत राहिली, की तुमची शिलाई ढिली हाय. म्या ते खरं धरलं.

मी येडशीची. माहेर बी इथलं, सासर बी इथलंच. मालक लवकर गेले, मग म्या शेळ्यांचा धंदा धरला. खेड्यांनी फिरायचं, शेळी घ्यायची, बाजारात इकायची. लोक म्हणले हे बायकांचं काम न्हाय, पण काय सांगू ताई तुम्हाला, शेळीच्या पाठीवरनं हात फिरवला की मी वजन सांगायची, आन् सौद्याला बसले की खाटीक म्हणायचे, मावशी, भाव तुमचाच, पण आवाज कमी करा. त्याच धंद्यावर घर बांधलं, वैशूला बारावी केली आन् अणदूरच्या पुढं एका खेड्यात बागायती घर बघून दिली. एकुलती एक लेक.

शिवण कुठनं आलं म्हणता, तर भांडणातनं आलं. वैशूच्या लग्नाचे ब्लाऊज टेलरनं घट्ट करून ठेवले, पोरीला हात वर करता येईना. मी दुकानात जाऊन त्याला चार माणसांत धुतला. तो म्हणला, एवढं कळतंय तर तुम्हीच शिवा की. म्हणलं शिवते. लग्न उरकल्यावर जुनी मशीन घरी आणली. गुडघे बी दुखायला लागले व्हते, फिरणं कमी झालं व्हतं, आन् घर लई मोकळं झालं व्हतं.

शेजारच्या शकीलाभाभीनं शिकवलं. आधी पाय मारला की चाक उलटं जायचं, दोरा तुटायचा, मी मशीनला शिव्या द्यायची. भाभी म्हणायची, अक्का, तिच्यासंगं सौदा नको करू, ती बाजारातली न्हाय. मग पिशव्या शिवल्या, उशीचे अभ्रे शिवले, परकर शिवला, आन् जरा हात बसल्यावर वैशूच्या जुन्या ब्लाऊजच्या मापावरनं तिच्यासाठी नवे ब्लाऊज शिवले. भाभीनं बेतून दिले, शिलाई सगळी माझी. जावयाच्या हाती धाडले. गावभर सांगितलं.

थोड्या दिवसानं विहिणीचा फोन. ब्लाऊज खांद्यावरनं उतरतात, चार बायकांत लाज वाटते, शिकाऊ हातानं हौस कशाला करायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण लेकीच्या सासरी बोलायचं न्हाय म्हणून दात आवळून धरले. जावई ब्लाऊज घेऊन आला. बाजूची शिलाई उसवली, आत घेतलं, दिलं. पुन्हा फोन, अजून ढिले. पुन्हा आत घेतले. दर खेपेला जावईच यायचा, वैशू न्हाय. फोनवर म्हणायची, आई, थोडं आत घे, बाकी बरं हाय. भाभी एकदा म्हणली, लग्नानंतर पोरींचे ब्लाऊज सैल करायला येतात गं, तुझ्या पोरीचे उलटे कसे. मी तिच्यावरच भडकले. म्हणलं बेतताना तूच चुकलीस.

मग एका खेपेला जावयानं आणलेल्या गठुड्यात त्या टेलरचा ब्लाऊज निघाला. लग्नातला, जांभळा. माझा न्हाय, त्याच्या हातचा. घट्ट म्हणून ज्याच्यावरनं मी भांडले व्हते तोच ब्लाऊज, आन् तो बी आत घ्यायला आलेला. जावयाला म्हणलं, वैशू बरी हाय ना. त्यानं गठुडंच माझ्याकडं सरकवलं, म्हणला, एवढं आत घ्या. मशीन तशीच सोडली आन् त्याच्याच गाडीवर बसून गेले.

वैशू आतल्या खोलीत पडलेली. पाण्याचा तांब्या उशाला, सारखी तहान. पाठीवरनं हात फिरवला तर मणका न् मणका लागला. विहीण मागनं म्हणते, उन्हाळ्याची कडकी हाय अंगात, कोथिंबिरीचं पाणी चालू हाय. म्या तिच्याकडं बघितलं बी न्हाय. जीप केली, सोलापूर गाठलं. डॉक्टर म्हणले साखर लई वाढली हाय, आणायला उशीर केला. लेक गेली ताई.

जायच्या आधी बोलली. सासरच्या डॉक्टरनं कवाच साखर सांगितली व्हती, रोजचं इंजेक्शन सांगितलं व्हतं. सासू म्हणली, नव्या सुनेला इंजेक्शनं लागली तर भावकी काय म्हणंल. आन् तुझ्या आईला कळलं तर ती वेशीपासनं बोंबलत येईल, म्हणून गप राहा. तू भांडशील म्हणून न्हाय सांगितलं आई, असं म्हणली. भांडले असते की. भांडून माझी लेक घेऊन आले असते.

मशीन चालूच हाय, पोट हाय. बायका येतात, झंपर मोठा करून द्या, लहान करून द्या. कुणी सासरी दिलेल्या लेकीचा ब्लाऊज आत घ्यायला आणला तर मी ठेवून घेत न्हाय, म्हणते आधी पोरीला हितं उभी कर. तोंडाळ म्हणतात, म्हणू द्या.

आता ऐकते, जावयाचं दुसरं जमवायला लागलेत. पोरगी तुळजापूरकडची हाय म्हणे. जमवा, माझं काही न्हाय. पण त्या पोरीच्या आईपुढं बसून विहीणबाईंनी आधी सांगावं, पहिली सून कशानं गेली. डॉक्टरनं इंजेक्शन सांगितलं व्हतं का न्हवतं. ताई, तुम्ही हे लिहून घेतलंय, विहीणबाईंपर्यंत पोचवा. मला रडणं नको, माफी बी नको. व्हय का न्हाय, एवढा जवाब त्यांनी द्यावा, चार माणसांत, माझ्या तोंडाकडं बघून.