आधी व्हॉल्व, मंग शवपेटी

मंडळी, राम राम. नामदेवमामाला जाऊन आज दहा दिवस झाले. कामं टाकून तुम्ही सगळे आलात. बोलायला उभा राह्यलो, पण घसा दाटून राह्यलाय. मामा असते तर म्हणाले असते, "सरपंच, मीठ-पाण्याच्या गुळण्या करा अन् जल्दी आटपा."

मामा आपल्या उपकेंद्राचे आरोग्यसेवक. रिटायर झाले, पण पाणी तपासायची बाटली खिशातून गेली न्हाई. लग्नात आपण नवरी बघायचो. मामा बघायचे, दोन थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं का. न्हाई झालं, म्हंजे पाण्यात जंतू मारायचं औषध न्हाई, की पाणी वाढणं बंद! माझ्या पोरीच्या लग्नात व्याही अर्धा तास कोरडे घास गिळत बसले. अजून मला टोमणे मारतात.

मंग ती ग्रामसभा. काम एकच मंजूर होणार होतं. माळावरच्या वस्तीचा पाइप नालीतून जातो, व्हॉल्व गळायचा, नालीची घाण आत शिरायची, लेकरांना दर पावसाळ्यात हगवण. मामा म्हणाले, आधी व्हॉल्व. मी म्हणालो, आधी मयत ठेवायला थंड शवपेटी. शेजारच्या गावाकडं आहे, आपल्याकडं न्हाई, इज्जतीचा सवाल! तुम्ही सगळ्यांनी पेटीसाठी हात वर केले. केले का न्हाई? आता खाली काय बघता?

मामांनी वस्तीवरच्या पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला. "हात वर असलेल्यांनी एकेक घोट घ्या." सगळे हात खाली! पण मी पडलो सरपंच. मामा "अहो, थांबा" म्हणेस्तोवर अर्धा तांब्या घशाखाली.

मंडळी, तेव्हा पेटी असती तर उद्घाटन माझंच होतं. तीन दिवस मामा उशाशी. मीठ-साखरेचं पाणी पाजायचे अन् दर घोटाला विचारायचे, "आधी काय?" मी कण्हत म्हणायचो, "व्हॉल्व, मामा, व्हॉल्व." नवा व्हॉल्व बसला. पुढच्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एकाबी लेकराला सलाइन लावावं लागलं न्हाई.

शेवटच्या आजारपणात भेटायला गेल्तो. माझा हात धरून म्हणाले, "व्हॉल्व बघितला का?" मी म्हणालो, "एकदम बराबर आहे, मामा."

खोटं बोललो. महिनाभर तिकडं फिरकलोच नव्हतो. आज सकाळी गेलो. व्हॉल्व पुन्हा गळून राह्यलाय अन् लेकरं तेच पाणी पिऊन राह्यलीत. मला माझी लाज वाटली.

उठा मंडळी, दोन मिनिटं गप उभं राहू. मंग मी सरळ वस्तीवर चाललो. ज्याच्या घरी पाना असेल, त्यानं घेऊन यावं.

मामा, तेवढं खोटं आज दिवस मावळायच्या आत खरं करतो.