पाच प्रश्नांचा कागद

बाई: परत सांगा. किती दिवस?

बाबा: बावीस.

बाई: बावीस दिवस तुम्ही रक्तदाबाची गोळी घेतली नाही.

बाबा: घेतली नाही असं म्हणता येणार नाही. रोज सकाळी डबीतून काढली. फक्त गिळली नाही.

बाई: मग गेल्या कुठे? मी रोज डबी बघते. रोज एक खण रिकामा असतो.

बाबा: कपाटात आहेत. वरच्या कप्प्यात, चष्म्याच्या घराशेजारी.

बाई: हे काय? पुड्या? प्रत्येक पुडीवर तारीख आणि खाली सही?

बाबा: माल ताब्यात घेतला की पुडी बांधायची, तारीख घालायची, सही करायची. सदतीस वर्षांची सवय आहे.

बाई: वजनमापं खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तुम्हाला. आता स्वतःच्याच घरी धाड घालताय?

बाबा: आवाज चढवू नकोस. रक्तदाब वाढतो.

बाई: कोणाचा? तुमचा आत्ताच मोजला, वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर. माझा मोजायची माझी हिंमत नाही. डॉक्टरांना फोन केला. आजची गोळी लगेच द्या म्हणाले, मागच्या भरून काढायला जादा देऊ नका म्हणाले आणि पाच वाजता यांना घेऊन या म्हणाले. घेतलीत ना आत्ताची?

बाबा: तुझ्यासमोर घेतली.

बाई: तोंड उघडा.

बाबा: मी तुझा बाप आहे.

बाई: म्हणूनच म्हणते. जीभ वर करा. बरं, मिटा. आता सांगा, गोळी बंद करायचं हे खूळ डोक्यात भरवलं कोणी?

बाबा: कोणी भरवलं नाही. वाचलं.

बाई: कुठे?

बाबा: इंटरनेटवर.

बाई: वा. मी शाळेत आठवड्याचे चौदा तास मुलांच्या कानीकपाळी ओरडते, की इंटरनेटवर दिसलं म्हणजे खरं नसतं, आधी तपासा. घसा बसतो माझा. आणि घरी माझेच वडील कुठलं तरी पान वाचतात आणि गोळ्या सोडून मोकळे होतात.

बाबा: तपासलं.

बाई: काय तपासलं?

बाबा: तुझा तो पाच प्रश्नांचा कागद. फ्रिजवर लावलाय तो. गेल्या वर्षी घरच्या ग्रुपवर मी कसलासा व्हिडिओ पाठवला, तर तू तुझ्या आत्यादेखत माझी खरडपट्टी काढलीस आणि तो कागद माझ्या हातात दिलास. म्हणालीस, यापुढे काहीही वाचलं की आधी हे पाच प्रश्न विचारायचे. मी विचारले. प्रत्येकासमोर खूण केली आहे. पानाची प्रत छापून घेतली ती पण जोडली आहे. हे घे.

बाई: टाचणी लावून, वा. "औषधविश्रांती. बारा आठवडे गोळी, चार आठवडे आराम. शरीराला औषधाची सवय लागू देऊ नका." बाबा, हे धडधडीत थोतांड आहे. शेंबड्या पोराला कळेल.

बाबा: मला नाही कळलं. तू दाखव. पहिला प्रश्न, कोणी लिहिलं?

बाई: कोणी लिहिलं... डॉक्टर आहेत. पदव्या आहेत. फोटो आहे.

बाबा: बरोबर. दुसरा, कधी लिहिलं?

बाई: दोन महिन्यांपूर्वी.

बाबा: म्हणजे ताजं. तिसरा, आधार दिलाय का?

बाई: अकरा संदर्भ आहेत.

बाबा: मी मोजले, अकरा. चौथा, संपर्काचा पत्ता?

बाई: आहे. "राष्ट्रीय औषधविश्रांती मंडळ." फोन नंबरसुद्धा आहे.

बाबा: पाचवा, काही विकत घ्यायला सांगतात का?

बाई: नाही.

बाबा: एक छदामही मागत नाहीत. पाचपैकी पाच. आता शेंबड्या पोराचं बोल.

बाई: तुम्ही खुणा नुसत्या मारत सुटलात. कागद वापरायचा म्हणजे डोकं बाजूला ठेवायचं असं नाही.

बाबा: असं कागदावर लिहिलेलं नाही.

बाई: काही गोष्टी लिहाव्या लागत नाहीत, बाबा. थांबा. हा फोटो जरा उजेडात धरू द्या.

बाबा: सज्जन दिसतात.

बाई: सज्जनच आहेत. हे आमच्या प्रयोगशाळेतले काका आहेत.

बाबा: कोण?

बाई: शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतात ते. आणि मागे दिसतोय तो आमचा सांगाडा. त्याला डावा पंजा नाही, बघा. तीन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात मोडला. अरे देवा. हे पान माझ्या वर्गातलं आहे.

बाबा: तुझ्या वर्गातलं म्हणजे?

बाई: दोन मिनिटं काही बोलू नका. वर्गाची मॉनिटर खालच्याच मजल्यावर राहते, तिला फोन करते. हॅलो? हो, मीच. आत्ता वर ये. नाही, वही नको. मोबाइल घेऊन ये.

(थोड्या वेळाने दारावरची बेल वाजते.)

मॉनिटर: बाई, काही चुकलं का?

बाई: बस. हे पान ओळखतेस?

मॉनिटर: हो, आमच्या गटाचं! तुम्ही छापून पण घेतलंत? बाई, फोटोसाठी काकांना पटवायला किती दिवस लागले माहितीये? ते म्हणत होते, पगार डॉक्टरचा देणार असाल तर उभा राहतो.

बाई: आजोबांना सांग, हे पान कशासाठी केलं होतं.

मॉनिटर: तो आमचा प्रकल्प होता, आजोबा. बाईंनी सांगितलं होतं, असं खोटं पान बनवा की जे कोणालाही खरं वाटेल. बनवता आलं की ओळखता पण येतं. आमच्या गटाचा पहिला नंबर आला. पाचही प्रश्नांत पास झालेलं आमचं एकट्यांचंच पान. बाईंनी घाईत नुसत्या खुणाच मोजल्या, मजकूर वाचायला वेळ नव्हता.

बाबा: पाचही प्रश्नांत. ते कसं काय जमलं?

मॉनिटर: सोपं होतं. बाईंचा कागद शेजारी ठेवला आणि एकेक घालत गेलो. लेखक पाहिजे, घाला लेखक. संदर्भ पाहिजेत, तर माझ्या मैत्रिणीने अकरा संदर्भ एका तासात रचले. फोन नंबर शाळेच्या कँटीनचा आहे.

बाबा: मी लावला होता. कोणी उचलला नाही.

मॉनिटर: मधल्या सुट्टीत गर्दी असते, ते उचलत नाहीत. पण आजोबा, तुम्ही कशाला लावला?

बाई: कारण आजोबांनी हे वाचून बावीस दिवस गोळी बंद ठेवली.

मॉनिटर: खरंच?

बाई: महिन्याभरापूर्वी प्रकल्प संपला. तेव्हाच हे पान काढून टाकायचं होतं की नाही?

मॉनिटर: हो, पण...

बाई: पण काय? एवढं साधं काम सांगितलं तर तेही माझ्या मागे लागून करून घ्यायचं का? कोणाच्या तरी जिवावर बेतेल, हे नववीतल्या मुलीला कळू नये?

मॉनिटर: बाई, मी काढत होते. तुम्हीच म्हणालात, राहू दे. दुसऱ्या तुकडीला ओळखायला द्यायचंय, इतकं चांगलं पान परत कोण बनवणार.

बाई: मी म्हणाले?

मॉनिटर: तुम्ही घाईत होतात. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. मी विचारलं पण, सगळ्यांना दिसतं तर चालेल का. तुम्ही म्हणालात, आपलं पान बघायला कोण येतंय.

बाबा: मी आलो.

बाई: बाबा, प्लीज.

बाबा: नाही, नोंद असावी म्हणून सांगितलं.

मॉनिटर: बाई, अजून एक आहे. रागावू नका. पान किती वेळा उघडलं ते खाली आकड्यात दिसतं. आमच्या वर्गात चौतीस जण. प्रत्येकाने दोनदा उघडलं असं धरलं तरी अडुसष्ट.

बाई: आणि आकडा किती आहे?

मॉनिटर: चारशे नऊ.

बाई: काढ. आत्ताच्या आत्ता काढून टाक.

बाबा: काढू नकोस, पोरी.

बाई: आता तुमचं काय मध्येच?

बाबा: खोटं वजन पकडलं की आम्ही नुसतं उचलून न्यायचो नाही. त्याच दुकानावर पाटी लावायचो, की इथलं माप खोटं होतं. म्हणजे कालचं गिऱ्हाईक आज परत आलं तर त्याला कळेल. पान गायब केलंत, तर जो वाचून गेला त्याला कळणार कसं?

मॉनिटर: म्हणजे सगळं पुसायचं आणि त्याच जागी लिहायचं, हे खोटं होतं.

बाबा: आणि गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. हे पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात.

मॉनिटर: लिहिते. आजोबा, एक विचारू? तुम्ही दुकानात खोटं वजन ओळखायचात कसं? त्यावर शिक्का असतो ना?

बाबा: शिक्का कोणीही मारतो. चोराचा शिक्का तर जास्तच ठसठशीत असतो. आमच्या पेटीत आमचं स्वतःचं वजन असायचं. ते एका पारड्यात, दुकानदाराचं दुसऱ्यात. त्याच्या वजनाकडे टक लावून बसलं तर काय कळणार?

मॉनिटर: म्हणजे पानावरच बघत बसायचं नाही. बाहेर जाऊन बघायचं. थांबा हं. हे बघा, मंडळाचं नाव शोधलं, तर आमचं पान सोडून जगात कुठेच नाही. बाई, वीस सेकंद लागले.

बाई: दिसतंय मला.

मॉनिटर: पण आपल्या कागदावर बाहेर बघा असं कुठे आहे? पाचही प्रश्नांची उत्तरं पानावरच मिळतात. आम्ही म्हणूनच तर जिंकलो.

बाई: कळलं. तू लिही.

मॉनिटर: सॉरी, बाई.

बाई: सॉरी तू कशाला म्हणतेस? मी सहा वर्षं हा कागद वाटतेय. पालकसभेत वाटला, शेजारच्या दोन शाळांनी मागून नेला. बाबा, मला फक्त एक सांगा. सदतीस वर्षं तुम्ही कोणाचा शिक्का बघून वजन सोडलं नाहीत. सख्ख्या मेव्हण्याचं दुकान तुम्ही बंद केलंत, आई महिनाभर बोलत नव्हती तुमच्याशी. मग हे एकच पान तुम्ही न तोलता कसं सोडलंत?

बाबा: शिक्का तुझा होता.

मॉनिटर: बाई, झालं लिहून. खाली नाव कोणाचं घालू? गटाचं?

बाई: माझं घाल. पूर्ण नाव, शाळेचं नाव आणि माझा नंबर.

मॉनिटर: तुमचा खरा नंबर? लोक फोन करतील.

बाई: करू देत. चारशे नऊ जणांनी केला तरी उचलीन. आणि उद्या पहिल्या तासाला सगळ्यांना तो कागद घेऊन यायला सांग. फाडायचा नाही. त्यात काय राहिलंय ते तुम्ही मुलांनी मला सांगायचं.

बाबा: एक मी सांगू? तुझ्या कागदात पानाला पाच प्रश्न आहेत. वाचणाऱ्याला एकही नाही.

बाई: म्हणजे?

बाबा: काही नाही. उगाच बोललो. पाच वाजायला आलेत, चप्पल कुठे माझी?

बाई: अजून पाऊण तास आहे. बसा. वाचणाऱ्याला काय विचारायचं?

बाबा: हेच, की बाबा रे, तू हे शोधायला का गेलास.

बाई: का गेला होतात?

बाबा: आता त्याचं काय.

बाई: बाबा, का गेला होतात?

बाबा: ती नवी गोळी घेतली की अंधारी येते. खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे काही दिसत नाही. जिन्यात दोनदा कठडा धरून उभा राहिलो. हिच्या आईने एकदा हात धरून वर आणलं.

मॉनिटर: हो. आई म्हणाली होती.

बाई: खालच्या मजल्यावर माहिती आहे आणि मला नाही. जिन्यात पडला असतात म्हणजे? तुम्ही मला का सांगितलं नाही?

बाबा: सांगितलं होतं.

बाई: कधी?

बाबा: तू पेपर तपासत होतीस. मी दारात उभा राहून म्हटलं, या गोळीने मला अंधारी येते. तू मान वर न करता विचारलंस, हे कुठे वाचलंत?

(बाई हातातला छापील कागद खाली ठेवते.)

बाबा: मग मी म्हटलं, कुठे लिहिलंय का ते बघावं.

मॉनिटर: बाई, मी जाऊ का खाली?

बाई: नाही, थांब जरा. ती वही दे मला, टेबलावरची. आणि पेन. बाबा, अंधारी कधी कधी आली, आठवतं का काही?

बाबा: आठवायचं कशाला? लिहून ठेवलंय. तारीखवार.

बाई: सांगा. मी उतरवून घेते.