पिल्लं त्यांच्या कुरणात, पक्षी आमच्या

नाव: एर्मिन्दा फायास नाव्हारो. वय: ५४ वर्षे. व्यवसाय: पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय. राहणार: सान्ता ओलाया, वरची वस्ती, चर्चच्या मागे, कोस्ता रिका.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती तोबियास यांच्यासह राहते. पती सध्या जिल्ह्याच्या इस्पितळात आहेत, त्यांची कंबर मोडली आहे. मी आले होते ती आमच्या कुरणातून चोरीस गेलेल्या एका वाळक्या खोडाची तक्रार द्यायला. हवालदारसाहेब म्हणाले, आधी पतीचं सांगा, खोडाचं मागाहून. दोन्ही एकच आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव पूर्वी कोळसा पाडणाऱ्यांचं. पती तोबियास आणि शेजारी एवेलियो यांनी मिळून निम्मा डोंगर बोडका केला. पुढे परदेशी लोक क्वेत्साल बघायला येऊ लागले. हिरवा पक्षी, लाल पोट, हातभर शेपटी. लहानपणी आम्ही त्याला गोफणीने मारायचो, आता त्याच्यासमोर कुणी शिंकतसुद्धा नाही. गावात रस्ता आला, दवाखाना आला, माझी मुलगी राजधानीत शिकली. डोंगर पुन्हा हिरवा झाला आणि कोळसेवाल्यांना झाडांचा लळा लागला. याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे लिहून घ्यावं.

हा पक्षी सडत आलेल्या खोडातच भोक पाडून घरटं करतो. खोड रानात असलं तर पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागतो. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की, रानातलं मेलेलं खोड जानेवारीत ओढून आणायचं, रस्त्यालगतच्या कुरणात खड्डा खणून उभं करायचं आणि वाट बघायची. पक्षी एकाचं खोड पसंत करतो, बाकीच्यांची नुसतीच उभी राहतात. ज्याच्या खोडात पक्षी, त्याच्या फाटकाशी गाड्या. गेल्या साली पक्षी एवेलियोकडे होता. यंदा आमच्याकडे आला.

एवेलियो हा माझ्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता आहे. त्या नात्याने आम्ही एकमेकांना कोंपाद्रे, कोमाद्रे म्हणतो. मार्चअखेर तो माझ्या स्वयंपाकघरात आला. टोपी हातात होती, म्हणजे काहीतरी मागायला आला होता.

"कोमाद्रे, तुमच्या फाटकाशी आमच्या हिला कॉफीचं टेबल मांडू द्या. पक्षी तुमचा, कॉफी आमची."

"गेल्या साली पक्षी तुमच्याकडे होता तेव्हा मला फाटकाशी उभंसुद्धा राहू दिलं नाहीत तुम्ही. पक्षी बिचकतो म्हणालात."

"तो पक्षी लाजाळूच होता."

"मग हा त्याचाच मुलगा असणार."

तो हसला नाही. त्याच्या घरी तेव्हा काय शिजत होतं, हे मला माहीत नव्हतं. विचारल्यावरून सांगते की, मी विचारलं नव्हतं.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी खोड जागेवर नव्हतं. खड्डा होता आणि बैलगाडीच्या चाकांची रेघ होती. रेघ डोंगराच्या सोंडेला वळसा घालून एवेलियोच्या कुरणात गेली होती, ती बघायला पोलीस लागत नाहीत. खोडात दोन पिल्लं होती, डोळे उघडलेली, पंख न फुटलेली. एवेलियोने भोकात गोणपाट कोंबून रातोरात खोड गाडीतून नेलं आणि आपल्याकडे उभं केलं. त्याचा हिशोब असा की, खोड जिथे, पक्षी तिथे. जानेवारीत हा हिशोब बरोबर असतो.

पक्षी त्याच्यामागे गेला नाही. नर चोचीत रानातल्या आवोकाडोचं फळ धरून आमच्या कुरणात आला, खोड जिथे होतं तिथे हवेत फडफडला आणि कुंपणाच्या तारेवर बसला. मादीही आली. तिच्या चोचीत सरडा होता. चोचीतलं टाकेनात, उडून जाईनात. एरवी ते क्षणात भोकात शिरतात आणि पाहुणे हळहळत राहतात. त्या दिवशी मात्र पाहुण्यांनी पोटभर फोटो काढले. वाटाड्या ग्रेविन मला म्हणाला, "काकू, इतका निवांत बसलेला नर मी जन्मात पाहिला नाही."

दुपारनंतर ग्रेविन त्याच पाहुण्यांना एवेलियोकडे न्यायला लागला. तिकडे पक्षी नव्हता, पण पिल्लं ओरडत होती. आमच्याकडे असताना त्यांचा आवाज फाटकापर्यंतसुद्धा येत नसे. आता ती रस्त्यावर ऐकू येत होती. म्हणजे बघायचं आमच्याकडे आणि ऐकायचं एवेलियोकडे. दोन्ही फाटकांशी गाड्या होत्या. कॉफीचं टेबलही लागलं होतं.

संध्याकाळी पती म्हणाले, "बैल जुंपतो. खोड परत आणू."

मी म्हणाले, "शनिवारी बघू. खोल्या भरल्यात."

"पिल्लं शनिवारपर्यंत थांबायची नाहीत."

"पाहुणेही थांबायचे नाहीत."

मी सणाच्या करंज्यांसाठी भोपळ्याचा मुरंबा ढवळत होते. तो करपतो, हात काढता येत नाही.

गुरुवारीच तक्रार का दिली नाही, असं विचारल्यावरून सांगते की, सणाच्या दिवसांत ठाण्यात कुणी नसेल असं वाटलं. फोन करून पाहिला नाही.

शुक्रवार हा गुड फ्रायडे. त्या दिवशी आमच्याकडे कुणी हत्याराला हात लावत नाही, नदीत उतरत नाही. झाडावर चढेल त्याला शेपूट फुटतं असं म्हणतात. पतींनी सकाळी डब्यात फळं आणि दिव्याखाली पडलेले किडे गोळा केले आणि शिडी खांद्यावर घेतली. मी मागोमाग गेले, कारण शिडी आमची होती.

एवेलियोने खोडाभोवती दोर बांधला होता. वनखात्याचा नियम आहे, घरट्यापासून लांब राहावं, आणि तो एवेलियोने काटेकोर पाळला होता. दोराबाहेर पाहुणे घडीच्या स्टुलांवर बसले होते. पिल्लांचा आवाज आता मधूनमधूनच येत होता. ग्रेविन सांगत होता की, पोट भरलं की पिल्लं शांत होतात. पती दोर ओलांडून आत गेले आणि शिडी खोडाला लावली. लोकरीची टोपी घातलेली एक बाई हलक्या आवाजात ग्रेविनशी काही बोलली.

ग्रेविन म्हणाला, "काका, बाईंचं म्हणणं आहे, घरट्याला हात लावू नका. निसर्गात माणसाने ढवळाढवळ करू नये."

पती म्हणाले, "त्यांना सांग, निसर्ग परवा रात्री बैलगाडीतून आला."

ग्रेविनने याचं भाषांतर केलं नाही. मला म्हणाला, "काकू, त्यांना उतरवा ना. फोटोत शिडी येतेय."

मी म्हणाले, "उतरा." एकदाच म्हणाले.

एवेलियोनेही दोराबाहेरूनच हाक दिली, "कोंपाद्रे, आजच्या दिवशी चढू नका. शेपूट फुटेल."

"फुटू दे. तुम्हाला दाखवायला काहीतरी होईल."

कुणीतरी हसलं. तो एवेलियोच होता असं मला वाटतं. पतींनी एका पिल्लाला भरवलं, हे मी स्वतः पाहिलं. दुसऱ्याला भरवायला वाकले तेव्हा खोड कलंडलं. एवेलियोने घाईत खड्डा गुडघाभरच खणला होता आणि बाजूने दगड ठोकले होते. पती खाली आणि खोड त्यांच्यावर.

पाहुणे भली माणसं होती. त्यांच्यात एक परिचारिका होती, तिने पतींचं डोकं हलू दिलं नाही. कित्येकजण रडले. एक पिल्लू जागीच गेलं. दुसरं त्या लोकरीच्या टोपीवाल्या बाईने आपल्या टोपीत घेतलं आणि ग्रेविनला प्राण्यांच्या दवाखान्यात फोन करायला लावला. तिथे सोमवारपर्यंत सुट्टी होती. जेवणवेळेपर्यंत ते टोपीत होतं. नंतर तिने ती टोपी पुन्हा घातली नाही.

गावात म्हणतात की, तोबियासने दिवस पाळला नाही म्हणून पडला. एवेलियोही तेच म्हणतो. तो इस्पितळात जाऊन आला, पतींनी त्याच्याविरुद्ध काही सांगितलेलं नाही. माझी तक्रार खोडापुरती आहे. ते मधोमध मोडलं आहे, तरी खालचा भाग धड आहे, तो जानेवारीपूर्वी परत मिळावा. पक्ष्याची जोडी शनिवारी सकाळपर्यंत तारेवर होती. त्यानंतर दिसलेली नाही. खोल्यांतल्या पाहुण्यांना मी हे अद्याप सांगितलेलं नाही.

पती तुमच्याशी काय बोलले, असं विचारल्यावरून सांगते की, काल रविवारी मी गेले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण यापुढे कुरणापर्यंत जाणं त्यांना जमायचं नाही. ते मी पतींना सांगितलं नाही. त्यांनीही ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पिल्लं?"

मी म्हणाले, "उडून गेली."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "पंख फुटायला अजून आठवडा होता."

मी म्हणाले, "हो."

ते म्हणाले, "मग चालत गेली असतील."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, कमी नाही, जास्त नाही. बरोबर आहे म्हणून खाली सही करते.