दाजी खड्ड्यात उतरले

मंडळी, आज पुढे जाण्याआधी एक सांगा. आपल्या माणसाची चूक दिसली तर काय करावं? परक्याची नाही हं, परक्याची चूक सांगायला आपण हातातला चहा टाकून धावतो. आपल्या माणसाची! सांगावी, की गिळावी? सांगितली तर नातं दुखावतं. आणि गिळली तर? बघा, मागचे तिघंजण लगेच सतरंजीचे धागे मोजायला लागले. असू द्या. उत्तर मी देत नाही, हणमंतराव टेकाळे देतील. ऐका.

हणमंतराव म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. बत्तीस वर्षं घाटात गाडी चालवली, पण कुठे साधा ओरखडा नाही. गाडी सुटण्याआधी भोवती एक फेरी मारायचे, चाक अन् चाक ठोकून बघायचे. कंडक्टर घंटी मारून मारून दमला तरी फेरी चुकायची नाही. असा चोख माणूस — पण भिडस्त किती? हॉटेलात चहात माशी निघाली, तर माशी काढून चहा प्यायचे, आणि जाताना मालकाला म्हणायचे, "छान झाला होता."

सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर तीन गुंठे जागा घेतली आणि घर बांधायचं ठरलं. ठेकेदार कोण? जगन. हा जगन कोण? हणमंतरावांच्या बायकोचा, अनुसयाबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. आता बोला. मेव्हणा आणि ठेकेदार, दोघंही एकाच शर्टात!

जागा काळ्या मातीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर भिंत असेल तर तिलाही भेगाळायला लावते. म्हणून खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि मगच तळाला काँक्रीट टाकायचं. बारा खांबांचे बारा खड्डे खणून झाले. जगन म्हणाला, "दाजी, उद्या काँक्रीट पडणार. एकदा पडलं की खाली काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसायचं नाही. आजच नजर टाकून घ्या."

हणमंतरावांनी पहार घेतली. सवयच ती! पहिल्या खड्ड्यात आपटली — ठक. दुसऱ्यात — ठक. मुरूम बोलत होता. असे दहा झाले. सगळे पुरुषभर खोल. अकरावा बघतात तर छातीभरच. पहार आपटली — आवाजच नाही. वीतभर आत गेली, लोण्यात जावी तशी. खाली काळी माती!

"कसं काय, दाजी?" जगनने विचारलं.

हणमंतरावांनी पहार पुसली. घसा खाकरला. आणि म्हणाले, "छान झालंय."

हसता काय? तुम्ही काय म्हणाला असता?

दुपारी जेवायला बसले, पण घास उतरेना. अनुसयाबाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्याला का नाही सांगितलंत?"

"तू सांग. तुझा भाऊ आहे."

"म्हणूनच नाही सांगत. भावजय म्हणेल, नणंदेने नवऱ्याच्या कामाला नावं ठेवली."

मग दोघांनी मिळून ठरवलं — देव बघून घेईल. मंडळी, देवाला आपण कुठे कुठे कामाला लावतो! त्याने आता खड्डे खणायचे!

संध्याकाळी हणमंतराव परत गेले. म्हणाले, "जगनराव, उद्या अमावस्या आहे म्हणे."

"पंचमी आहे, दाजी."

"आभाळ आल्यासारखं वाटतंय."

"कुठे?"

"ते... तिकडे."

जगन बराच वेळ तिकडे बघत राहिला. तिकडे एक घार फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर घरघरू लागला. बायकांच्या डोक्यावरून घमेली निघाली. एक खड्डा झाला, दोन झाले, दहा झाले. हणमंतराव काठावर उभे. पहिलं घमेलं अकराव्याकडे निघालं. मग काय केलं त्यांनी? पांढऱ्या धोतरानिशी सरळ खड्ड्यात उतरले, आणि मधोमध उभे राहिले!

"दाजी, वर या, काँक्रीट टाकायचंय."

"नाही येत."

"का?"

"जगनराव, मी दहाव्यात उतरलो असतो तर माझी टोपीसुद्धा दिसली नसती. इथे छातीपासून वर सगळा दिसतोय. माझे पाय मातीत रुततायत. मी सत्तर किलोचा. घर किती किलोचं?"

बोलले बाबा एकदाचे! पण जगनचा चेहरा उतरला. हातातलं फावडं त्याने टाकून दिलं. म्हणाला, "तीस घरं बांधली मी. माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा ठेकेदार बघा."

मिक्सर थांबला. अनुसयाबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा, आणि नवरा खड्ड्यात. त्यांनी किटली खाली ठेवली. हळूच म्हणाल्या, "जगन, पहार घे आणि तूच बघ."

जगन रागारागाने उतरला. पहार मारली. वीतभर आत. दुसऱ्या कोपऱ्यात मारली. तिथेही तेच.

"मला माहीत होतं, दाजी," तो म्हणाला. "ज्या दिवशी अक्काने पुरणपोळ्या पाठवल्या, त्या दिवशी हा खड्डा खणला. खणणारा आपला भागाजी, साठीचा माणूस. जेवला, आणि याच खड्ड्यात आडवा झाला. उठवायला जीव होईना. म्हटलं, राहू दे एवढाच. मग काल तुम्हाला बोलावलं. वाटलं, दाजी बोलतील, म्हणजे मला भागाजीला सांगता येईल. तुम्ही म्हणालात, छान झालंय."

वरून भागाजी डोकावला. म्हणाला, "मला पण खटकलं होतं मालक. पण तुम्ही छान म्हणालात, मग मी कशाला बोलू?"

घ्या! चौघांना ठाऊक, आणि चौघंही गप्प. प्रत्येकजण दुसऱ्याला जपत होता, आणि चौघं मिळून घर मात्र बुडवायला निघाले होते.

बाराव्यात पहार आपटून बघितली — ठक. तयार होतं ते काँक्रीट तिथे टाकलं. अकरावा पुन्हा खणायला घेतला. भागाजी खाली, जगन खाली, धोतर खोचून हणमंतरावही खाली. दोन हात खणल्यावर आवाज आला — ठक. संध्याकाळी निघताना जगनने किटलीतला गार झालेला चहा दाजींच्या पेल्यात ओतला, स्वतःच्या पेल्यात ओतला, आणि दोघं काठावर बसून प्यायले.

घराला तीन पावसाळे झाले, भिंतीवर केसाएवढी रेघ नाही. यंदा जगनने स्वतःचं घर बांधायला काढलंय. एवढा तीस घरांचा ठेकेदार, पण काँक्रीटच्या आदल्या दिवशी बहिणीकडे गाडी पाठवली. निरोप एकच — दाजींना पहार घेऊन पाठव, आणि सांग, छान म्हणायचं नाही.

नातं दुखावलं का, मंडळी? अर्धा दिवस दुखलं. आणि नंतर किती पक्कं झालं, ते बघा. खरं बोलायला शिव्या लागत नाहीत, आवाज चढवावा लागत नाही. फक्त वेळेवर बोलावं लागतं, वर काँक्रीट पडायच्या आत.

आता तुमचं काय? भावाशी, जावेशी, जोडीदाराशी काहीतरी बोलायचं राहिलंय, आणि रोज म्हणताय, छान चाललंय. तो माणूस कदाचित याच मांडवात बसला असेल. आरतीला अजून दहा मिनिटं आहेत. उठा, आणि जरा त्याच्या शेजारी सरका.