एकांत निवडलेली बाई

मावशी : संपला? एवढाच?

कॅमेरावाली : एवढाच, मावशी. आता नुसती नावं येतील.

मावशी : येऊ देत. आपलं लग्न लागलं, पाहुणे जेवून घरी गेले, आणि आता नवरीला आमंत्रण. सगळ्या जगाने बघितल्यावर माझा सिनेमा मला दाखवताय.

दिग्दर्शक : दोन वर्षं इथे वर यायचा पास मिळाला नाही, मावशी. नाहीतर आधीच आलो असतो. आज कॅमेरा काढायच्याही आधी हेच केलं की नाही? सांगा, कसा वाटला?

मावशी : डोंगर छान आलेत. माझ्या घरामागे एवढे डोंगर आहेत, हे मला माहीतच नव्हतं. पण ते सारखं काय वाजत होतं?

दिग्दर्शक : पार्श्वसंगीत आहे ते.

मावशी : मी बटाटे सोलतेय आणि मागे कुणीतरी गळा काढून रडतंय. बटाटे सोलताना एवढं दुःख होत नाही रे माणसाला.

कॅमेरावाली : मी तेव्हाच म्हटलं होतं, सर.

मावशी : आणि केस. कंगवा फिरवून येऊ का, असं मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, नको, असंच छान दिसतं. हे छान? झपाटल्यासारखी दिसतेय मी.

दिग्दर्शक : लोकांना तेच भावलं. तुम्हाला कल्पना नाही, मावशी, कुठे कुठे दाखवला हा सिनेमा. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. एक बाई माझ्यापाशी आली, डोळे पुसत. म्हणाली, मला यांच्यासारखं जगायचंय.

मावशी : मग पाठव तिला.

दिग्दर्शक : तुम्ही पण ना, मावशी.

मावशी : हसण्यावारी नेऊ नकोस, खरंच पाठव. बरं, मला एक सांग. तू त्यात मधूनमधून बोलतोस ना, जाड आवाज काढून. 'युद्धाने गाव रिकामं केलं. ती मात्र गेली नाही. तिने एकांत निवडला.' कोणी निवडला?

दिग्दर्शक : म्हणजे... तुम्हीच.

मावशी : या शेगडीपाशी बसून सांगितलं होतं मी तुला, कशी राहिले ते. ही पोरगी कॅमेरा धरून समोर बसली होती. काय सांगितलं होतं?

दिग्दर्शक : अहो, सिनेमाला एक लांबी असते. सगळंच काही त्यात—

मावशी : पोरी, तू सांग. तुला आठवतं?

कॅमेरावाली : आठवतं. गाव सोडायच्या दिवशी तुमची कोंबडी सुटली. तुम्ही तिला शोधायला मागच्या गल्लीत गेलात, तोवर ट्रक निघाले. पहिल्या ट्रकमधल्यांना वाटलं तुम्ही दुसऱ्यात आहात, दुसऱ्यातल्यांना वाटलं पहिल्यात.

मावशी : आणि मी रस्त्यात उभी, कोंबडी काखेत मारून. बघ, हिला पाठ आहे. सिनेमात कोंबडी कुठे आहे?

कॅमेरावाली : एका शॉटमध्ये मागून जाते.

दिग्दर्शक : मला तो प्रसंग फार आवडला होता, मावशी, खोटं नाही सांगत. पण कोंबडी आली असती तर लोक हसले असते. मग पुढच्या सगळ्याचं वजनच गेलं असतं.

मावशी : हसले असते तर हसले असते. हसणारा माणूस निदान विचारतो तरी, मग बाई, पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी मला न्यायला गाडी का नाही आली?

दिग्दर्शक : ते आहे की त्यात. दोन टेकड्यांवरच्या दोन चौक्या दाखवल्यात, करार दाखवलाय.

मावशी : करार दाखवलास. गावात एक जरी माणूस राहत असलं, तरी दोन्हीकडच्या शिपायांनी गावात पाय ठेवायचा नाही. गाव रिकामं झालं की जो आधी उतरेल त्याचं. पण फोन कुठे दाखवलास? त्या संध्याकाळी सगळा गाव खालून फोनवर होता. पाळीपाळीने बोलत होते. 'बरं झालं तू राहिलीस. चार दिवस कळ काढ, बोलणी चालू आहेत. तू आहेस तोवर आपली घरं आपली.' त्या चार दिवसांची नऊ वर्षं झाली.

दिग्दर्शक : तुमच्या जागी दुसरं कोणी येऊन राहिलं असतं तर?

मावशी : विचारलं ना. एकाची पोरं शाळेत, एकीचे गुडघे धरलेले, एकाच्या दुकानाचा नुकताच जम बसतोय. खोटं नव्हते बोलत, सगळ्यांची कारणं खरीच होती. पण तुझा सिनेमा लागायच्या आधी फोन आला की पहिलं वाक्य असायचं, 'कधी येतेस?' वरवरचं का असेना, असायचं. सिनेमा लागला आणि तेही गेलं. आता म्हणतात, 'तुम्ही आहात म्हणून गाव आहे.' हरभऱ्याच्या झाडावर चढवून बसवलंय मला सगळ्यांनी. तिथून उतरायचं म्हटलं तर बाई पळपुटी ठरते.

दिग्दर्शक : म्हणून तर दुसरा भाग करायचाय. यात सगळं सांगू. कोंबडी, ट्रक, फोन, सगळं. तुमच्याच तोंडून.

मावशी : आणि तो भाग पण मी इथेच बसून बघू.

दिग्दर्शक : असं का म्हणता?

मावशी : कारण मला बोलायचं नाहीये, मला जायचंय. आज. जेवणं झाली की.

दिग्दर्शक : कुठे?

मावशी : खाली, धाकट्या बहिणीकडे. सगळ्यांनी विचारायचं सोडलं तरी ती एकटी विचारायची, 'ताई, कधी येतेस गं?' आता तिचं विसरणं वाढलंय. भाची सांगते, सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. तुझा सिनेमा मात्र रोज लावून घेते. परवा फोनवर मला काय म्हणाली ठाऊक आहे? 'अहो, तुम्ही इतक्या एकट्या कशा राहता हो? मला तुमचं फार कौतुक वाटतं.'

कॅमेरावाली : बाप रे.

मावशी : मला 'अहो' म्हणाली ती. एका ताटात जेवलोय आम्ही. भांडण झालं की झिंज्या धरायची माझ्या. तिला ताई आठवत नाही, सिनेमातली बाई आठवते. आणखी थोडे दिवस गेले तर मी समोर जाऊन उभी राहीन आणि ती माझी सही मागेल. तसं व्हायच्या आत मला पोचायचंय.

दिग्दर्शक : मावशी, मला... मला हे माहीत नव्हतं.

मावशी : तुला कसं माहीत असणार? तू विचारलंस का?

दिग्दर्शक : पण तुम्ही गेलात तर गाव रिकामं होईल. नऊ वर्षं राखलेलं सगळं एका दुपारीत जाईल.

मावशी : नाही जाणार. तू आहेस ना.

दिग्दर्शक : मी?

मावशी : तू सकाळी विहिरीवरचा उजेड बघायला गेला होतास, तेव्हा या पोरीशी बोलून घेतलंय मी. गाडी तीच चालवते. खालच्या फाटकावर काय बघतात गं?

कॅमेरावाली : डोकी मोजतात. दोघं आत, दोघं बाहेर. सकाळी तर पासवरचे फोटोही बघितले नाहीत तिथल्या शिपायाने, सर. खेळ चालू होता त्याचा मोबाइलवर.

मावशी : तुझं जाकीट आणि टोपी मला दे. माझी लाल शाल तुला ठेवते.

दिग्दर्शक : अहो, मी तुमच्याहून फूटभर उंच आहे. दाढी आहे मला.

मावशी : टेकडीवरून दुर्बिणीत शाल दिसते, दाढी नाही दिसत. सकाळ-संध्याकाळ धुराड्यातून धूर निघाला पाहिजे आणि अंगणात लाल शाल हलली पाहिजे. त्यांना एवढंच लागतं. मला कोणी नावाने ओळखत नाही तिथे.

दिग्दर्शक : आणि गोळीबिळी?

मावशी : माझ्यावर अजून कोणी झाडलेली नाही. खिडक्या फुटल्या मधे, पण तो राग एकमेकांवरचा होता.

दिग्दर्शक : नाही मावशी, हे शक्य नाही. माझं घर आहे, मुलगी आहे. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा आहे. मी इथे अडकलो तर—

मावशी : तर काय? 'एकांत माणसाला स्वतःच्या जवळ आणतो.' तूच म्हणालास ना, बर्फ पडताना?

दिग्दर्शक : ते लिहिलेलं वाक्य होतं हो.

मावशी : छान लिहिलंयस. दुरून डोंगर साजरे.

दिग्दर्शक : मला वाईट वाटतंय, मनापासून वाटतंय. पण मला जमणार नाही. मी खाली जाऊन मोठ्या लोकांना भेटतो, तुमच्यासाठी शब्द टाकतो. रीतसर काहीतरी करू.

मावशी : बरं.

दिग्दर्शक : रागावलात?

मावशी : नाही रे. तुझं कारणही खरंच आहे, बाकीच्यांसारखं. आण ती बटाट्याची टोपली इकडे. पोरी, लाव कॅमेरा. उजेड जाईल तुमचा.

दिग्दर्शक : ...लाव.

कॅमेरावाली : नाही लावणार.

दिग्दर्शक : म्हणजे?

कॅमेरावाली : मागच्या वेळी विहिरीवरून पाणी आणताना त्यांना तुम्ही तीनदा परत पाठवलंत, सर. ढग हवे होते म्हणून. भरलेल्या बादल्या ओतायला लावल्या. मी काही बोलले नाही, फ्रेम सुंदर होती. आज तोंड गप्प बसत नाहीये माझं. तुम्हाला हवं तर स्वतः चालवा कॅमेरा.

मावशी : भांडू नका रे माझ्या घरात. किती दिवसांनी माणसं आलीत.

दिग्दर्शक : मावशी.

मावशी : काय?

दिग्दर्शक : परत याल ना?

मावशी : खोटं कशाला बोलू? यायचं मनात आहे. घर आहे माझं हे, एकेक चमचा माझा आहे इथे. पण बहीण मला 'अगं' म्हणाली, तर त्याच पावली उठून येववेल का मला, ते नाही सांगता येत.

दिग्दर्शक : आणि नाही म्हणाली तर?

मावशी : तर बहुतेक लवकर येईन.

दिग्दर्शक : ...ही शेगडी पेटवायची कशी?

मावशी : खरंच विचारतोयस?

दिग्दर्शक : पेटवायची कशी ते सांगा, नाहीतर माझा विचार बदलेल.

मावशी : आधी बारीक काटक्या, मग खोक्याचा पुठ्ठा, मग मोठं लाकूड. झडप अर्धी उघडी ठेव. भिंतीकडची लाकडं ओली आहेत, त्यांना हात लावू नकोस. कोंबड्यांना अंधार पडायच्या आत कोंडायचं. फोन लागतो तो फक्त माडीवरच्या खिडकीत, तिथेही डावा कान बाहेर काढावा लागतो. आणि रात्री काही वाजलं तर उठून बघायला जायचं नाही. सुरुवातीला जावंसं वाटतं.

दिग्दर्शक : मग सवय होते?

मावशी : सवय नाही होत. पण जाणं थांबतं.

कॅमेरावाली : सर, शाल घ्या अंगावर. अंगणात जाऊन या एकदा, बघू दे कसं दिसतं.

दिग्दर्शक : असं?

कॅमेरावाली : फार ताठ आहात. अजून वाका. गुडघ्यातून नाही, कमरेतून.

मावशी : आणि मी काही एवढी कण्हत चालत नाही.

कॅमेरावाली : परत एकदा, सर. कोंबड्यांना दाणे टाकताय असं. आमच्याकडे बघू नका. सहज, रोज करता तसं.

दिग्दर्शक : रोज कुठे करतो मी?

मावशी : जमेल. चारचौघांसारखंच चालायचं असतं, फक्त कुठे पोचायचं नसतं.

दिग्दर्शक : छोटा कॅमेरा ठेवून जा गं. माझं मीच काहीतरी टिपत जाईन.

मावशी : अजिबात ठेवू नकोस. कॅमेरा असला तर हा केस विंचरायचा नाही.

कॅमेरावाली : मी तुमच्या घरी फोन करते, सर. काय सांगू?

दिग्दर्शक : सांग, रस्ता बंद झालाय. नको, थांब. खरं ते सांग. मुलीला सांग, बाबांनी कबूल केलंय म्हणून थांबलेत. आणि मावशी, जाकिटाच्या खिशात तिने दिलेला रुमाल आहे. तो सांभाळा.

मावशी : सांभाळते. तू असा दारात नको उभा राहूस आता. मी कधी कोणाला निरोप द्यायला दारात उभी राहत नाही, टेकडीवरच्यांना ठाऊक आहे. आत जा, बाळा.

(जीपमध्ये. फाटक ओलांडून बरंच खाली आल्यावर, एका वळणापाशी.)

कॅमेरावाली : टोपी काढली तरी चालेल आता.

मावशी : राहू दे थोडा वेळ. त्या शिपायाने मान तरी वर केली का गं?

कॅमेरावाली : नाही. काचेतून दोन डोकी बघितली आणि दांडा उचलला.

मावशी : लाकडाचा साधा दांडा आहे तो. मला वाटायचं, केवढं मोठं काहीतरी असेल तिथे. कोणी नेलंच नाही ना मला बघायला.

कॅमेरावाली : गार वारा येतोय. काच वर घेऊ?

मावशी : थंडी नाही वाजत. गाडी थांबव जरा.

कॅमेरावाली : इथे थांबायला बंदी आहे, मावशी.

मावशी : चाक बघितल्यासारखं कर... ते आपलं गाव?

कॅमेरावाली : हो. पाण्याच्या टाकीशेजारचं ते तुमचं घर.

मावशी : एवढंसं? आतून केवढं वाटतं गं ते.

कॅमेरावाली : धूर निघतोय बघा. सरांनी पेटवली शेगडी.

मावशी : ओलं लाकूड घातलंय मेल्याने, किती काळा येतोय. अंगणात पण आलाय. बरा वाकतोय आता... कोंबड्यांच्या मागे धावू नको म्हणावं त्याला, मी कधी धावत नाही.

कॅमेरावाली : मावशी, रडताय का? परत फिरवू गाडी?

मावशी : नको, नको. चल पुढे.

कॅमेरावाली : मग काय झालं?

मावशी : काही नाही. इथून बघितलं तर मी घरातच आहे.