आईकडून आलेलं

राइट टाउनच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या अर्चनाला नुकतंच डॉक्टरांकडून बाहेर येऊन शेजारी बसलेल्या मायलेकांचं बोलणं ऐकू येत होतं. लेकाच्या हातात पांढरी काठी होती.

"तनय, ते नवं औषध तुला काहून नाही मिळणार?"

"अजून उंदरांवरच चालू आहे, आई. अगदी बारीक कणांत चांगला जीन भरून पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचवून राहिले. माझी नजर तर गेलीच. ताईच्या पोरांना कदाचित उपयोग होईल."

"डॉक्टर आत्ता म्हणाले, हा दोष आईकडूनच येतो."

"हो."

"आणि तू चार वर्षं मला सांगून राहिला, बाबांकडून आला म्हणून?"

"बाबा तेव्हा गेलेले होते, आई. त्यांच्या मनाला काही लागणार नव्हतं."